मायटी प्लस : वाफ भरपूर, चव मात्र तुमच्या हातात

शस्त्रक्रियेच्या उपकरणांसाठी जगभर नाव असलेल्या जर्मनीतल्या टुटलिंगेनमध्ये स्टॉर्झ अँड बिकेल ही कंपनी वाळलेल्या वनस्पतींची वाफ काढणारी यंत्रं बनवते. टेबलावर ठेवायचा व्होल्कॅनो हा तिचा जुना मानकरी, तर २०२१ साली आलेला मायटी प्लस हा हातात धरायचा. दिसायला जाडजूड वॉकीटॉकी, वजन पाव किलोच्या घरात. खिशात मावेल अशी आशा ठेवू नका. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून सज्ञान माणसाला घराबाहेर २५ ग्रॅमपर्यंत गांजा जवळ बाळगता येतो. हे परीक्षण तिथे कायद्यात राहून, किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून गांजाची वाळलेली कळी घेऊन, वापरणाऱ्यांसाठी आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. दाट आणि भरवशाची वाफ हवी असेल तर या यंत्राला तोड नाही. चवीत मात्र निव्वळ गरम हवेवर चालणारी यंत्रं याच्या पुढे आहेत. मायटी दोन्ही रीतींनी तापवतं: चेंबरची, म्हणजे माल भरायच्या वाटीची, भिंत तव्यासारखी तापते आणि ओढलेली हवाही गरम होऊन मालातून जाते. म्हणजे तुम्ही ओढत नसलात तरी भिंतीलगतचा माल भाजला जातोच. आणि सगळ्यात आधी उडून जातं ते हलकं सुगंधी तेल. तापायला मिनिटभर लागतं. यंत्र थरथरलं की लगेच ओढायला घ्या. तापवून गप्पा मारत बसलात तर सगळ्यात चवदार दोन झुरके हवेत गेलेच म्हणून समजा.

तापमानाबद्दल बराच गोंधळ आहे. टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, १५७ अंशांवर उकळतं असं जिथे तिथे लिहिलेलं दिसतं. हा आकडा जवळजवळ निर्वात भांड्यात मोजलेला आहे, तुमच्या दिवाणखान्यात तो लागू नाही. तो वाचून १५७ वर यंत्र लावायचं आणि वाफ दिसत नाही म्हणून यंत्राला नावं ठेवायची, हे नेहमीचं. दुसरीकडे, वाफ व्हायला पदार्थ उकळावाच लागतो असंही नाही. दोरीवरचे कपडे १०० अंशांवर थोडेच वाळतात? सुगंधी तेलांपैकी पायनीनचा उत्कलनबिंदू १५६च्या आसपास, लिमोनीनचा १७६, लिनालूलचा १९८. पण ती सगळी त्याच्या बरीच आधी सुटू लागतात. चवीसाठी कमी तापमानावर सुरुवात का करायची, ते यावरून लक्षात यावं.

आमच्या मते नीट चालणारा क्रम असा: १७५ ते १८० वर पहिले तीन-चार झुरके. वाफ विरळ असेल, पण देवदारासारखा, लिंबाच्या सालीसारखा जो काही वास त्या कळीचा असेल तो इथेच मिळतो. चव ओसरली की १९०. मग शेवटी २००-२०५. बटण दोनदा दाबलं की १५ अंश वाढतात, ती सोय याच वेळी कामाची. यंत्र २१० पर्यंत जातं, पण तिथे घसा खरवडतो आणि तोंडात मक्याच्या करपलेल्या लाह्या उरतात. लाह्यांची चव आली की थांबायचं. सुरुवातच २१० वर करणाऱ्याला ढग भरपूर मिळतात, कळी कुठली होती ते मात्र कळत नाही.

आता माल. चेंबरमध्ये पाव ग्रॅमच्या आसपास मावतो. दळण मध्यम हवं, भरड कुटलेल्या धण्यांइतकं. रव्यासारखं बारीक केलंत तर कण जाळीतून वर कूलिंग युनिटमध्ये, म्हणजे वाफ गार करणाऱ्या वरच्या भागात, जातात, हवा अडते आणि ओढताना गाल आत जातात. फार जाड ठेवलंत तर बाहेरचा भाग तपकिरी आणि गाभा हिरवाच. भरताना दाबू नका, काठापर्यंत सैल भरा आणि बोटाने नुसतं सपाट करा. कमी माल असेल तर वर पोकळी सोडू नका. तारेची गादी ठेवून जागा भरून काढा, नाहीतर हवा वाट काढून बाजूने निसटते.

ओलसरपणाही बघा. बोटांत दाबल्यावर चिकटून गोळा होत असेल तर पहिले दोन झुरके नुसत्या पाण्याच्या वाफेचे, कोंबट भाजीच्या पाण्यासारखे. चुरा होऊन पूड पडत असेल तर सुगंध आधीच उडालाय. औषधाच्या दुकानातली कळी बऱ्याचदा या दुसऱ्या जातीची असते. काचेच्या बरणीत ५८ किंवा ६२ टक्क्यांची आर्द्रतेची पुडी दोन दिवस ठेवली की ती मऊ पडते. गेलेला सुगंध मात्र परत येत नाही.

ओढायचं हळू. गरम चहाचा घोट घेतो तसं, आठ-दहा सेकंद. सिगारेटसारखा झटका मारला की थंड हवा आत शिरते, तापमान पडतं आणि वाफ पातळ होते. तिसऱ्या-चौथ्या झुरक्यानंतर वरचा भाग काढून माल एकदा ढवळा. भिंतीकडचा मध्ये, मधला भिंतीकडे. एवढ्या एका गोष्टीने शेवटची चव बरीच सुधारते. उरलेला चोथा सगळीकडे सारखा तपकिरी दिसला तर जमलं. ठिपकेदार हिरवा राहिला तर ढवळणं राहिलंय, काळा पडला तर करपलंय.

धातूच्या कॅप्सूलमध्ये भरून वापरायची सोय आहे. एकीत ०.१५ ग्रॅम मावतं, चेंबर स्वच्छ राहतं, बाहेर जाताना बरं पडतं. पण भिंत आणि माल यांच्यात आणखी एक पत्रा येतो. पाच अंश वाढवावे लागतात, आणि चव थोडी दबते. घरी असाल तर थेट भरा.

चव बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र माल नव्हे, घाण. कूलिंग युनिटमध्ये मधासारखा चिकट थर साचतो आणि प्रत्येक नव्या झुरक्याला कालचा वास येतो. वापर झाल्यावर चेंबर कोमट असतानाच ब्रशने झाडा. गार झाल्यावर चोथा चिकटून बसतो. आठ-दहा वापरांनंतर युनिट पूर्ण सुटं करा: माउथपीस, टोपी, रबरी रिंगा, जाळी. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, पण प्लास्टिकचे भाग अर्ध्या तासाहून जास्त नको, ठिसूळ होतात. मग गरम पाण्यात धुऊन पूर्ण कोरडे करा. जोडताना रिंगा विसरू नका. एक राहिली की बाजूने हवा शिरते आणि माणूस उगाच तापमान वाढवत बसतो. नवीन यंत्र आधी रिकामंच २१० वर दोन वेळा चालवा, कारखान्याचा वास जातो.

तंबाखू मिसळायची युरोपातली सवय इथे आणू नका. चव मरते आणि निकोटीन फुकट गळ्यात पडतं. हात बसवायचा असेल तर लॅव्हेंडर १३० अंशांवर किंवा कॅमोमाइल १९० वर घालून बघा, झुरक्याचा वेग किती हवा ते स्वस्तात कळतं. जळत नसल्याने धूर आणि डांबर टळतं, म्हणून वाफ निरुपद्रवी झाली असं नाही.

उणिवा दोन. बॅटरी घरच्या घरी बदलता येत नाही. आणि शेजारी सोफ्यावर कोणी झोपलं असेल तर थरथर चांगलीच ऐकू जाते.

भारतात येताना यंत्र जर्मनीतच ठेवून या. २०१९च्या इलेक्ट्रॉनिक सिगारेटबंदी कायद्यात निकोटीन नसलेली, पदार्थ तापवून ओढायची यंत्रंही येतात आणि ती देशात आणायला बंदी आहे. त्यात जाळीला गांजाचा अंश चिकटलेला निघाला तर वर १९८५चा अमली पदार्थांचा कायदा आहेच.