लॉनला हुमणी लागली म्हणून ‘अमेरिकन पावडर’ घेऊ नका : माझा अनुभव

परवा नांदेडहून भाचीचा फोन आला. “मावशी, आमच्या लॉनला हुमणी लागलीय. एकजण पावडर टाकून देतो म्हणतोय. पूर्ण सेंद्रिय आहे म्हणे.” हुमणी म्हणजे जमिनीत राहून मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी. मी म्हटलं, आधी पाकिटाचा फोटो पाठव. फोटो उघडला आणि माझे हातपाय गार पडले. नाव बदललं होतं, पण तोच हिरवा पट्टा, कोपऱ्यात तोच अमेरिकेचा झेंडा आणि खाली तीच ओळ : ‘एकदा टाका, पंधरा वर्षं विसरा.’ आमचे पैसे गेले ते गेले, पण हा माणूस अजून फिरतोय. म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहून काढतेय.

आम्ही परभणीत वसमत रोडला राहतो. दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. घरापुढं तीस बाय वीस फुटांचं लॉन आहे. आमच्या भागात पाण्याची काय परिस्थिती असते ते मला कुणी सांगायला नको. उन्हाळ्यात धुण्याचं शेवटचं पाणीसुद्धा मी त्या गवताला घातलंय. पण यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता आणि व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांनी रोज सकाळी अनवाणी गवतावर चालायला सांगितलं होतं. कुंपणापासून कडुलिंबाच्या झाडापर्यंत, काठी टेकत, वीस फेऱ्या. तेवढ्यासाठी ते लॉन.

गेल्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला गवतात पिवळे डाग पडले. मला वाटलं पाणी कमी पडलं. थोडा युरिया टाकला, पाणी वाढवलं, तरी डाग वाढतच गेले. साळुंक्या आणि बगळे सकाळपासून तिथंच चोच मारत बसायचे, त्याचाही अर्थ मला लागला नाही. एक दिवस हे चालताना पाय घसरला तेव्हा बघितलं, तर पायाखालचं गवत सतरंजीसारखं गोळा झालं होतं. मुळंच नव्हती. खाली मातीत बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या होत्या, डोकं तपकिरी.

माझा धाकटा भाऊ जिंतूरकडं शेती करतो. त्याला फोटो पाठवला तर लगेच म्हणाला, “अक्का, हुमणी हाय ती. मुळं खायलीय. आमचं निम्मं सोयाबीन आडवं केलंय तिनं.” पूर्वी तो फोरेट नावाचं विषारी औषध टाकायचा. २०२० च्या अखेरीपासून त्यावर बंदी आहे. पण बंदी नसती तरी मी ते टाकलं नसतं. जिथं हे अनवाणी चालतात, जिथं नातू रांगतो आणि माती तोंडात घालतो, तिथं विष कसं टाकणार? “विषारी काही नको, सेंद्रिय उपाय हवा,” असं मी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. तिसऱ्या दिवशी तो दारात हजर.

तिशीतला मुलगा. स्वच्छ शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं अगदी आदबीचं. “काकू, तुमच्यासारखा विचार करणारी माणसं कमी आहेत. लोक घरात लेकरं असताना औषधं मारतात.” एवढ्या एका वाक्यानं माझं मन जिंकलं. त्यानं खुरप्यानं फूटभर चौकोन उकरला, नऊ अळ्या मोजून माझ्या हातावर ठेवल्या. मग पाकीट काढलं. ‘मिल्की स्पोअर’, अमेरिकेतली पावडर, तिच्यात जिवाणू असतात, अळीला दुधी रोग होतो, मेलेल्या अळीतून आणखी जिवाणू जमिनीत पसरतात, म्हणून एकदाच टाकायची. सोबत नेमॅटोडची बाटली. म्हणजे अळीच्या अंगात शिरणारे सूक्ष्म सूत्रकृमी. पावडर, बाटली आणि मजुरी मिळून साडेसहा हजार.

पुढं म्हणाला, “काकू, एक आधीच सांगतो. हे रासायनिक औषध नाही. पहिल्या वर्षी फरक कमी दिसेल. दोन-तीन वर्षांत पूर्ण.” उशीर लागेल असं स्वतःहून सांगणारा माणूस खोटं कसं बोलेल, असं मला वाटलं. हे वाक्य नीट लक्षात ठेवा. त्या एका वाक्यानं त्यानं माझ्या पुढच्या सगळ्या तक्रारी आधीच बंद करून टाकल्या होत्या.

पावती दिली नाही, ‘ऑनलाइनच आहे ना काकू’ म्हणाला. पैसे फोनवरून पाठवले तेव्हा समोर भलत्याच माणसाचं नाव आलं. ‘आमचे अकाउंटवाले’ म्हणाला. बाटली गाडीच्या डिकीतून काढली, ती हाताला गरम लागली. फवारणी भर दुपारी बाराला, कोरड्या गवतावर. मी विचारलंसुद्धा, “भाऊ, यातले जीव उन्हानं मरणार नाहीत का?” तो म्हणाला, “ते लगेच जमिनीत जातात.”

सप्टेंबरात निम्मं लॉन गेलं. अळ्या आणखी मोठ्या झाल्या होत्या. फोन केला तर आला, एक अळी उचलली आणि म्हणाला, “बघा काकू, कशी दुधासारखी पांढरी पडलीय. रोग लागलाय. सुजलीय.” मी मान हलवली. हुमणी मुळात पांढरीच असते, हे मला तेव्हा सुचलं नाही.

१७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनी विद्यापीठात रब्बीचा शेतकरी मेळावा असतो. भाऊ दरवर्षीसारखा बियाणं घ्यायला आला होता. म्हणाला, “अक्का, चार अळ्या डब्यात घाल, कीटकशास्त्राच्या लोकांना दाखवून येतो.” मीच नको म्हटलं. औषध टाकलंय, आता दम धरायचा. कृषी विद्यापीठ आमच्या गावात आहे, १९७२ पासून आहे, आणि मी त्याला दारातून परत पाठवलं. याचं वाईट मला पैशांपेक्षा जास्त वाटतं.

नोव्हेंबरात तो पावडरवाला पुन्हा आला. सहा ठिकाणी उकरून दाखवलं : एकही अळी नाही. आम्ही दोघं इतके खूश झालो की यांनी त्याला चहा पाजला. ‘दुसरा डोस’ म्हणून आणखी चार हजार घेतले. आणि मी माझ्या आयुष्यातली मोठी चूक केली. कॉलनीतल्या पाच घरांना स्वतः जाऊन सांगितलं, याला बोलवा, आमची हुमणी गेली. शेजारच्या मावशी एकट्या राहतात, कुटुंब पेन्शनवर. त्यांच्या दारात जेमतेम दहा बाय दहाचा तुकडा. माझ्या शब्दावर त्यांनीही साडेतीन हजार दिले.

हुमणी गेली नव्हती. पुढं जे कळलं ते असं. आपल्याकडच्या हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. पहिला वळीव किंवा मृगाचा पाऊस पडला की भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघतात, लिंब, बाभूळ, बोरीवर बसून पाला खातात, तिथंच मीलन होतं आणि मादी मातीत पन्नास-साठ अंडी घालते. जुलैपासून पावसाळा संपेपर्यंत अळी मुळं खाते, शेवटी शेवटी सगळ्यात जास्त. मग खाणं थांबवून खोल जाते, कोषात जाते. कोषातून झालेला भुंगेराही पुढच्या पावसापर्यंत जमिनीतच बसून राहतो. म्हणजे नोव्हेंबरात वरच्या चार बोटांच्या मातीत अळी सापडणारच नव्हती, काही टाकलं असतं तरी आणि नसतं तरी. त्याला हे पक्कं माहीत होतं. किडीनं आपल्या वेळेला जे करायचं तेच केलं आणि त्याचे पैसे त्यानं घेतले.

यंदा जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला त्या संध्याकाळी अंगणात घूं घूं आवाज सुरू झाला. लिंबाखाली उभी राहिले तर तांबूस-तपकिरी भुंगेरे डोक्यावर पडायला लागले. फांदीफांदीला लगडले होते. त्याला फोन लावला. नंबर बंद.

दुसऱ्या दिवशी मी मूठभर भुंगेरे आणि उरलेली पावडर घेऊन विद्यापीठात गेले. तिथल्या प्राध्यापकांनी शांतपणे समजावून सांगितलं. मिल्की स्पोअर ही खरी गोष्ट आहे. अमेरिकेत १९१६ मध्ये न्यू जर्सीत जपानी भुंगेरा सापडला, त्याच्या अळीवर हा रोग आहे, आणि १९४८ पासून तिथं ते नोंदणीकृत औषध आहे. पण ती पावडर त्या एका जातीपुरतीच. तिथल्या बाकीच्या हुमणीवरही ती चालत नाही, मग आपल्याकडच्या हुमणीवर, म्हणजे होलोट्रायकियावर, कुठून चालणार? पुढं जुलैत अळ्या नेल्या तेव्हा त्यांनी एकीचा पाय तोडून दाखवला. रक्ताचा थेंब स्वच्छ आला. रोग असता तर तो थेंब दुधासारखा आला असता. माझी पावडरही त्यांनी तपासली. त्यात काहीच वाढलं नाही. शंखजिऱ्याची भुकटी.

सेंद्रिय उपाय खोटे नाहीत, हे मला इथं ठासून सांगायचंय. फसल्यावर लोक म्हणतात, सेंद्रिय सगळं थोतांड, आणि थेट विषाकडं वळतात. तसं करू नका. आपल्या हुमणीसाठी मेटारायझियम ॲनिसोप्ली नावाची बुरशी आहे. शेतासाठी हेक्टरी दहा किलोची शिफारस आहे, त्या हिशेबानं माझ्या लॉनला साठ ग्रॅमच्या आसपास पुरते. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल असताना, संध्याकाळी, अळी लहान असताना म्हणजे जून-जुलैत टाकायची. सोबत बुरशीनाशक वापरायचं नाही, नाहीतर तीही मरते. मी विद्यापीठातून आणली, त्या पाकिटाच्या मानानं अगदी थोड्या पैशांत. एका डब्यात ओली माती, बुरशी आणि तीन अळ्या ठेवून बघितल्या. दोन मेल्या, आधी पांढऱ्या बुरशीनं माखल्या, मग हिरव्या पडल्या. डोळ्यांनी दिसतं ते असं.

सूत्रकृमीही खरे आहेत. हेटेरोऱ्हॅब्डायटिस जातीच्या सूत्रकृमीनं मेलेली अळी विटकरी लाल होते. पण ते ऊन आणि कोरड सोसत नाहीत. संध्याकाळी द्यायचे, आधी आणि नंतर पाणी द्यायचं. विकणाऱ्याला म्हणावं, एक थेंब काळ्या बशीत टाक आणि चांगलं भिंग दे. जिवंत असतील तर वळवळताना दिसतात. डिकीत तापलेल्या बाटलीत काय जिवंत राहणार?

एक चूक माझीही होती. आदल्या वर्षी मी अर्धवट कुजलेलं शेणखत लॉनवर पसरलं होतं. अशा खतातून हुमणीची अंडी आणि अळ्या येतात, हे मला माहीत नव्हतं.

पाकीट घेताना नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, उत्पादकाचा पत्ता बघा. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे आणि जिवाणू-बुरशीची जैविक औषधंही त्यात येतात, परदेशातून आणलेलीसुद्धा. बुरशीच्या पाकिटावर ग्रॅममागे किती जिवंत बीजाणू आहेत ते लिहिलेलं असतं, किमान दहा कोटी हवेत. माझ्या पाकिटावर झेंडा होता, यातलं काहीच नव्हतं. पक्की पावती घ्या. माझ्याकडं पावती नाही म्हणून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवताना पैसे पाठवल्याची नोंद आणि चॅट एवढंच देता आलं. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडं पाकीट जमा केलंय. पोलिसांत अर्ज दिलाय. अजून पैसे मिळालेले नाहीत.

मावशींचे साडेतीन हजार मी द्यायला गेले होते. त्यांनी घेतले नाहीत. “तू काय मुद्दाम केलंस का गं?” म्हणाल्या आणि पैशांचं पाकीट माझ्याच पिशवीत परत घातलं. जूनमध्ये मात्र त्या रोज सात वाजता बॅटरी घेऊन यायच्या. आम्ही सहा घरांनी मिळून तीन आठवडे लिंबाच्या फांद्या हलवल्या, खाली जुनी ताडपत्री अंथरली, पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्याच्या बादलीत टाकले. एकट्यानं करून उपयोग नसतो, शेजारच्या झाडावरून ते परत येतात. यंदा ऑगस्टमध्ये फूटभर उकरलं तर एक अळी निघाली. गवत अजून विरळ आहे. हे सध्या दहाच फेऱ्या मारतात, उरलेल्या गच्चीवर.

भाचीला मी दोनच गोष्टी विचारायला सांगितल्या : पाकिटावर नोंदणी क्रमांक कुठं आहे, आणि ही पावडर कुठल्या जातीच्या भुंगेऱ्याच्या अळीवर चालते? पावडरवाला म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही. नमुन्याचं म्हणून दिलेलं पाकीट तिच्याकडंच राहिलंय. ते मी मागवून घेतलंय, माझ्या अर्जाला जोडायला.