सरकारी रुग्णालय की स्वतःचं क्लिनिक? बडोद्यातल्या नव्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी

आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, रजिस्ट्रेशन नंबर हातात पडला की बडोद्यातल्या मराठी घरात पहिला प्रश्न ठरलेला: "मग क्लिनिक कुठे टाकणार?" वडिलांच्या डोक्यात रावपुऱ्यातला गाळासुद्धा पक्का झालेला असतो. दुसरी वाट कारेलीबागेतल्या मानसिक आरोग्याच्या सरकारी रुग्णालयाची किंवा सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागाची, जागा निघाली तर. माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिली दोन-तीन वर्षं सरकारी रुग्णालयात काढावीत. सगळ्यांनाच हे जमेल असं मात्र नाही.

(नुसत्या एम.ए.वर भागेल असं वाटणाऱ्यांसाठी: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आहे आणि ती देखरेखीखालचं क्लिनिकल प्रशिक्षण मागते. औषधं लिहायचा अधिकार त्यानंतरही मिळत नाही.)

सरकारी ठिकाणी थेरपीच्या कल्पना मनात घेऊन गेलात तर हिरमोड होईल. दिवसाचा मोठा भाग चाचण्यांत जातो. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी बुद्ध्यांक हवा असतो आणि बाहेर बाकड्यावर रांग असते. छोटा उदेपूरकडून आलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा समोर बसतो. घरी राठवी ही आदिवासी बोली बोलतो, शाळा गुजराती, तीही अर्धवट सुटलेली. शब्दांवर चालणारी चाचणी इथे कामाची नाही, म्हणून भाटियांच्या बॅटरीतले, म्हणजे हातानं सोडवायच्या बुद्धिमत्ता चाचण्यांच्या संचातले, रंगीत ठोकळे काढायचे आणि स्टॉपवॉच लावायचं. मग वडिलांना विचारायचं, हातानं जेवतो का, बटणं लावतो का, दुकानातून एकटा सामान आणतो का. वडील प्रत्येक प्रश्नाला "काही नाही येत, साहेब" म्हणतात, आणि तेवढ्यात पोरगा त्यांच्या खिशातला मोबाइल काढून हवं ते गाणं शोधून लावतो. वडील लबाड नसतात. प्रमाणपत्रावर पेन्शन आणि बसचा पास अवलंबून आहे, हे त्यांना कुणीतरी गावातच सांगितलेलं असतं. बुद्ध्यांक ७० च्या खाली की वर, हे ठरवताना तो मोबाइल कुठे धरायचा, हे पुस्तकात नसतं. ते शेजारच्या टेबलावरच्या सीनियरला विचारूनच कळतं.

हे "विचारून कळणं" हीच त्या नोकरीची खरी कमाई. स्किझोफ्रेनियाचा पेशंट वॉर्डात पहिल्या दिवशी कसा होता आणि औषध लागू पडल्यावर तिसऱ्या आठवड्यात कसा बोलू लागला, हे रोज डोळ्यांनी दिसतं. भुव्याकडे (भूत उतरवणाऱ्या मांत्रिकाकडे) वर्षभर फिरून आलेलं कुटुंब कसं हाताळायचं हे सोशल वर्करकडून शिकता येतं. क्लिनिकमध्ये इतका गंभीर पेशंट सहसा येत नाही. आला तरी ओळखायची नजर आधी तयार व्हावी लागते.

थेरपी करायची तर मात्र क्लिनिकला तोड नाही. ओसीडीचंच, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचंच घ्या. हात न धुता बसून राहायचं, अस्वस्थता चढू द्यायची, उतरू द्यायची, घरी तेच पुन्हा करायचं. ही थेरपी आठवड्याला एक सेशन धरून महिनोन्‌महिने चालते. दाहोदहून महिन्यातून एकदा एसटीनं येणाऱ्याला ती कशी द्यायची? क्लिनिकमध्ये पाऊण तास तुमचा असतो, मधे कुणी दार ढकलून फाइल ठेवत नाही. अडचण वेगळीच येते: चौथ्या सेशनला जरा बरं वाटलं, की पेशंट यायचा बंद. आणि नवरात्रात संध्याकाळच्या वेळा रिकाम्या, कारण अख्खं शहर गरब्याला. गाळ्याचं भाडं मात्र चालूच. तसं सरकारी बाजूलाही निश्चिंती नाही, पुष्कळ जागा ११ महिन्यांच्या करारावर असतात. पैशांवरून निवड करायची झाली तर दोन्ही पारडी जवळपास सारखीच.

क्लिनिकमध्ये जड जाते ती एकटेपणाची जबाबदारी. पंधरा वर्षांची मुलगी परीक्षेच्या टेन्शनसाठी येते आणि तिसऱ्या भेटीत काकाबद्दल सांगते. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा. "ताई, कुणाला सांगू नका" म्हणणारी मुलगी समोर, बाहेर आई, आणि तुमच्या मागे कुणी नाही. रुग्णालयात हाच प्रसंग आला तर निदान वरिष्ठ असतात, प्रक्रिया ठरलेली असते.

त्यात आपला मराठी गोतावळा. दांडिया बाजारात क्लिनिक टाकलंत तर जिन्यात कोण कोणाला दिसलं हे संध्याकाळपर्यंत तीन घरांत पोचतं. गणपतीच्या आरतीला पेशंट समोर उभा राहतो, आणि तुम्ही ओळख दाखवायची की नाही हे त्याच्यावर सोडायचं असतं. मावशी फोन करून "आमच्या निखिलला जरा समजाव ना" म्हणते, तिला नाही म्हणून दुसऱ्या सायकॉलॉजिस्टचा नंबर द्यावा लागतो, आणि ती दुखावतेच. म्हणून क्लिनिक विश्वामित्री नदीपलीकडे, अलकापुरीच्या बाजूला, आपल्या मोहल्ल्यापासून लांब असावं.

कोडं सोडवायला आवडणाऱ्यांनी, आजाराचं निदान करण्यात ज्यांना मजा येते त्यांनी, रुग्णालय धरावं. एका माणसाबरोबर वर्षभर हळूहळू चालायची ज्यांची तयारी आहे ते शेवटी क्लिनिकमध्येच रमतात. फक्त त्यांनी दर आठवड्याला एखाद्या अनुभवी सायकॉलॉजिस्टसमोर केसेस ठेवायची सोय आधी करावी, भाड्याचा करार नंतर. लहान मूल घरी असेल, वेळ आपल्या हातात हवा असेल, तर सरळ क्लिनिक, पण तेही एखाद्या सायकिअॅट्रिस्टच्याच जागेत दोन संध्याकाळ घेऊन.

रुग्णालयाच्या मुलाखतीला जाणार असाल तर तीन गोष्टी विचारून घ्या: दिवसाला चाचण्या किती, तुमचे रिपोर्ट तपासणारा सीनियर सायकॉलॉजिस्ट आहे की ती जागा रिकामी आहे, आणि करारात संध्याकाळच्या खासगी प्रॅक्टिसला मनाई आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "रिकामी" असेल, तर रुग्णालयाच्या बाजूनं मी वर जे सांगितलं त्यातलं अर्धं वजा करा.