पाळकांची भेट, समुपदेशकाची खोली की दवाखाना? एकाच घरातल्या तिघांसाठी

गेल्या महिन्यात नागपूरच्या जरीपटक्याहून मावसबहिणीचा फोन आला. घर ख्रिस्ती. घरातल्या तिघांचं एकदमच बिनसलं होतं. मुलगा बारावीत, नीटची तयारी करतो. रात्री दोन-दोनपर्यंत जागा असतो आणि ताट तसंच ठेवून उठतो. धाकटी जाऊ बाळंतीण, बाळ दीड महिन्याचं, आणि ती भिंतीकडे पाहत बसून असते. सासऱ्यांना जाऊन चार महिने झाले, पण सासूबाई अजून चहाचे दोन कप काढतात. "ताई, मला तर काहीच समजून नाही राहिलं," ती म्हणाली. "दीर म्हणतात, आधी सगळ्यांनी उपवास-प्रार्थना करू, चर्चच्या पाळक साहेबांना बोलावू. माझं मन म्हणतं डॉक्टरकडे जावं. काय करू?"

मी त्याच दिवशी उत्तर दिलं नाही. ख्रिस्ती घरात वाढल्यामुळे दोन्ही बाजूंचं चांगलं-वाईट जवळून पाहिलं आहे. कॉलेजात असताना मला अचानक छाती धडधडून श्वास कोंडण्याचे झटके यायचे. तेव्हा एका प्रार्थनासभेत चारचौघांसमोर मला सांगण्यात आलं की माझा विश्वास कमी पडतो. झटके थांबले नाहीतच, वर देवाला नकोशी झाल्याची भीती बसली. ती भीती पुढे ज्यांनी काढली तेही एक पाळकच होते, आणि मला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं तेही त्यांनीच. म्हणून "प्रार्थना की उपचार" हा प्रश्न मला चुकीच्या जागी विचारलेला वाटतो. कोणाला, कोणत्या वयात, कोणापुढे मोकळेपणी रडता येईल, हे आधी पाहावं.

कोणाकडे काय मिळतं

पाळक (प्रोटेस्टंट चर्चचे धर्मगुरू) किंवा फादर (कॅथलिक धर्मगुरू) घरी येतात. त्यांनी आजोबांचं दफन केलेलं असतं, नातवाचा बाप्तिस्मा केलेला असतो. पैसे लागत नाहीत आणि वेळ संपली म्हणून ते उठतही नाहीत. धर्मशिक्षणात त्यांना दुःखिताशी बोलायला शिकवतात, पण आजार ओळखणं हा त्यांचा अभ्यास नव्हे. या दोन गोष्टी जोडण्याचा प्रयत्न अमेरिकेत अँटन बॉइसन नावाच्या पाळकाने केला. स्वतः मनोरुग्णालयात राहून बाहेर पडल्यावर त्याने 1925 साली मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना रुग्णांच्या खाटेशेजारी बसवून शिकवायला सुरुवात केली. रुग्णालयांत आज पाळकांना जे प्रशिक्षण दिलं जातं, त्याचं मूळ तिथे आहे. आपल्या पाळकांचं असं काही शिक्षण झालं आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांत लोक नेहमी गल्लत करतात. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, तो औषध देतो. चिकित्सक मानसशास्त्रज्ञ बोलण्याचे उपचार करतो आणि त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नुसत्या "समुपदेशक" या पाटीवरून शिक्षण कळत नाही. "ख्रिस्ती समुपदेशक" असेल तरी तेच. पदवी कुठली, नोंदणी आहे का, आणि गरज पडली तर तुम्ही कोणत्या डॉक्टरकडे पाठवता, हे तीन प्रश्न त्यांनाही विचारावेत.

नागपुरात सरकारी सोय बरी आहे. मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी रुग्णालयं, मिहानचं एम्स आणि मानकापूरकडचं प्रादेशिक मनोरुग्णालय. महाराष्ट्रात अशी जुनी चार सरकारी मनोरुग्णालयं आहेत, ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि हे. पण त्या भागातल्या चौकाला लोक अजून पागलखाना चौक म्हणतात, आणि त्या एका शब्दापायी कितीतरी माणसं तिथवर पोचतच नाहीत. मग घराजवळचं चर्च सोपं वाटतं. हे मी समजू शकते. सुरुवात तिथून झाली तर हरकत नाही, अडचण तिथेच थांबण्यात आहे.

बारावीतला मुलगा

या वयाला आईवडिलांच्या कानाआडची जागा लागते. पाळक साहेबांचं आजीशी रोज बोलणं असेल, तर मुलगा त्यांच्यापुढे तोंड उघडणार नाही. गुपिताच्या बाबतीत मोठा फरक आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. कॅथलिक फादरांनी पापनिवेदनात, म्हणजे माणूस एकांतात आपली पापं कबूल करतो तेव्हा, ऐकलेलं कोणत्याही कारणाने बाहेर काढता येत नाही, चर्चच्या कायद्यात त्याला अपवादच नाही. समुपदेशक गुप्तता पाळतो, पण जीव धोक्यात दिसला तर घरच्यांना सांगतो. मुलाने पापनिवेदनात मरणाचा विचार बोलून दाखवला, तर फादर त्याला एवढंच म्हणू शकतात की हे मला बाहेर येऊन पुन्हा सांग, किंवा घरी सांग. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट पंथात एकट्याने पापनिवेदन करण्याची रोजची पद्धत नाही, प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, वेळी सगळी मंडळी (चर्चमध्ये जमणारे सगळे) मिळून करतात. तिथे पाळकांशी झालेलं बोलणं किती गुप्त राहील, हे त्या माणसावर अवलंबून. आधी विचारून घ्यावं.

चर्चचा तरुण संघ या वयाला फार आधार देतो. नाताळात घरोघरी गाणी म्हणत फिरणं, गिटार, बरोबरीची मुलं. एकटं पडलेल्या मुलाला यातून बाहेर यायला मदत होते. पण एक धोका मी अनेकदा पाहिला आहे. सगळ्यांसमोर डोक्यावर हात ठेवून "देवाने तुला डॉक्टर व्हायलाच निवडलंय" असं म्हटलं की परीक्षेचं ओझं दुप्पट होतं. मग गुण कमी पडले तर ते नुसतं नापास होणं राहत नाही, देवाची इच्छा मोडल्यासारखं वाटतं. बहिणीच्या मुलासाठी मी स्पष्ट सांगितलं की आधी मानसशास्त्रज्ञ, तरुण संघ त्याला हवा असेल तर. आणि तो मरणाबद्दल बोलला, लिहिलं, सामान वाटायला लागला, तर कोणाचीही वाट न पाहता दवाखान्याच्या तातडीच्या विभागात न्यायचं. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

विश्वासू घरांना पटावं म्हणून मी अशा वेळी एलियाची आठवण करून देते. बायबलमधला संदेष्टा एलिया रानात रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागत होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, मग पुन्हा उठवून खायला घातलं. प्रश्न नंतर विचारले गेले. दोनपर्यंत जागणाऱ्या मुलासाठी घरच्यांनी करायची पहिली गोष्ट यात आहे.

लहान मुलांचं थोडक्यात. संडे स्कूलमधली गोष्ट, गाणं, रात्रीची छोटी प्रार्थना यांनी मूल शांत झोपत असेल तर छानच. "असं केलंस तर देव शिक्षा करतो" ऐकून ते अंथरूण ओलं करायला लागलं असेल, तर आधी ते वाक्य बंद करा. आणि मुलाने अत्याचाराचं काही सांगितलं, तर ते मंडळीत मिटवायची गोष्ट नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीचा नंबर 1098.

बाळंतीण जाऊ

इथे मी एक क्षणही घुटमळले नाही. दीड महिना झाला, झोप नाही, भूक नाही, बाळाकडे लक्ष नाही, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, आणि याच आठवड्यात. बाळाला किंवा स्वतःला काही करण्याचा विचार, कानात आवाज असं काही असेल तर त्याच दिवशी. नैराश्याच्या औषधांचा गुण यायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात. अंगावर दूध पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं आहेत, कोणती ते डॉक्टर ठरवतात.

घरी येणाऱ्या बायका प्रेमानेच म्हणतात, "मूल म्हणजे देवाचं दान, रडायचं नाही गं." वर उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानण्याची, सभा ठेवतात, आणि तिला नवी साडी नेसून हसत बसावं लागतं. ती सभा दोन महिने पुढे ढकलली तर देव रागावणार नाही. त्याऐवजी महिला मंडळाने पाळी लावून डबा पोचवावा, दुपारी दोन तास बाळ सांभाळावं म्हणजे ती झोपेल. डॉक्टर हे करू शकत नाही, मंडळी करू शकते. तिला काही वाचून दाखवायचंच असेल तर बायबलच्या स्तोत्रांतली विलापाची स्तोत्रं वाचा. "माझ्या देवा, तू मला का सोडलंस" हे शास्त्रातच आहे, ते म्हणायची तिला मोकळीक आहे.

सासूबाई

म्हातारपणी मात्र माझा कौल चर्चकडे झुकतो. चार महिन्यांचं दुःख हा आजार नव्हे. पन्नास वर्षांच्या संसारातला जोडीदार गेल्यावर दोन कप निघणारच. अशा बाईला अनोळखी खोलीत बसवून "तुम्हाला काय वाटतं" विचारण्यापेक्षा, पाळकांनी आठवड्याला घरी येऊन प्रभुभोजन द्यावं, सासऱ्यांची आठवण काढावी, तिला बोलू द्यावं. कॅथलिक घरांत आजाऱ्यांचा तैलाभ्यंग (पवित्र तेल लावून करायची प्रार्थना) असतो आणि 2 नोव्हेंबरला कबरींवर फुलं-मेणबत्त्या घेऊन सगळं कुटुंब जातं. दुःखाला वर्षातला एक दिवस आणि एक जागा मिळते. ही सोय कोणत्याही दवाखान्यात नाही.

माझ्या आजीचं शेवटच्या वर्षी नावं विसरणं सुरू झालं होतं. मला ती कधी मावशी समजायची, कधी शेजारीण. पण संध्याकाळी मी टिळकांचं भजन सुरू केलं की पुढची ओळ ती म्हणायची, न चुकता. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि मराठी चर्चला टाळ-मृदंगावर म्हणता येतील अशी भजनं दिली. आजीच्या पिढीच्या अंगात ती भिनलेली आहेत. स्मृतिभ्रंशात ओळखीचं गाणं बरंच उशिरापर्यंत टिकतं. म्हणून घरात कोणी विसरायला लागलं असेल तर त्यांची गाणी आताच विचारून ठेवा.

पण चर्चकडे झुकतानाही एक वाक्य कान देऊन ऐकावं. म्हातारी माणसं हळूच म्हणतात, "माझ्याच पापाची ही शिक्षा," "देवाने मला टाकलं." अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी 2001 साली रुग्णालयात दाखल झालेल्या 55 वर्षांवरच्या आजाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देवाने आपल्याला सोडलं, त्याचं आपल्यावर प्रेम नाही, हे सैतानाचं काम आहे, असं वाटणाऱ्यांत पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचा धोका जास्त आढळला. म्हणजे श्रद्धा आहे की नाही एवढंच पाहून भागत नाही, ती माणसाला धरून ठेवते की फटके मारते हे पाहावं लागतं. पाळकांनी हे वाक्य ऐकून मान डोलावली आणि पश्चात्तापावर बोलायला लागले, तर दुसरे पाळक शोधा. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर ते बरोबर होते. बोलायला लागले आणि चुकले.

शरीराकडेही लक्ष हवं. म्हाताऱ्यांचं नैराश्य पुष्कळदा अंगदुखी, अपचन, अशक्तपणा म्हणून येतं. थायरॉइड आणि बी-12 तपासून घ्यावं. आणि काल ठीक असलेली आजी आज अचानक भलतंच बोलायला लागली तर ते लघवीचा संसर्ग किंवा सोडियम कमी होण्यानेही होतं. त्याला बाधा म्हणू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

उपवास आणि गोळ्या

दिरांच्या उपवास-प्रार्थनेबद्दल. निरोग्या माणसाने करावी, आनंदाने करावी. पण लिथियमची (उन्मादाच्या आजारावरची) गोळी चालू असेल त्याने पाणी तोडू नये. शरीरातलं पाणी-मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि विषबाधा होऊ शकते. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे, शेवटचे दिवस आणि नागपूरचं ऊन नेमकं एकत्र येतं. ज्यांना उन्मादाचे झटके येतात त्यांनी रात्रभराच्या जागरण-प्रार्थनेलाही बसू नये, झोप तुटली की झटका परततो. "विश्वास असेल तर गोळी सोड" असं सांगणाऱ्याकडे परत जाऊ नका. आणि भूत काढतो म्हणून कोणी माणसाला बांधलं, मारलं, तर महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे, मग बांधणारा कोणत्याही धर्माचा असो.

बहिणीने शेवटी विचारलं, "मग ख्रिस्ती डॉक्टरच पाहू का?" गरज नाही. मानसशास्त्रज्ञ रेबेका प्रॉप्स्ट यांच्या 1992 च्या प्रयोगात ख्रिस्ती श्रद्धेच्या चौकटीतले उपचार स्वतः धार्मिक नसलेल्या उपचारकांनी दिले, तरी श्रद्धाळू रुग्णांना चांगला गुण आला. 2015 साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ हॅरोल्ड कोनिग यांच्या गटाने जुनाट आजार असलेल्या 132 नैराश्यग्रस्तांवर धार्मिक आणि साधी अशा दोन्ही तऱ्हेची बोलण्याची उपचारपद्धत वापरून पाहिली, दोन्हींचा गुण जवळपास सारखाच आला. डॉक्टर बौद्ध असो की हिंदू, "मी प्रार्थना करते" हे ऐकून तो हसला नाही आणि वहीत लिहून घेतलं, एवढं पुरे.

धाकटी जाऊ मेडिकलला दाखवून आली. मुलाची मानसशास्त्रज्ञाकडे दुसरी भेट झाली, आत काय बोलला ते आम्ही विचारलं नाही. पाळक साहेब बुधवारी संध्याकाळी सासूबाईंकडे येतात. पहिल्या बुधवारी सासूबाईंनी दोन कप काढले, तेव्हा साहेबांनी दुसरा कप उचलला आणि सासऱ्यांना साखर किती लागायची ते विचारलं.