कानातली जिनिंग आणि ३८ हजारांचं मशीन: आठ महिन्यांनंतर

परवा पाऊस झाला आणि घरातला कूलर बंद झाला. हे आधी सांगतो, कारण माझ्या कानात सतत शिट्टी वाजते आणि तिचा सगळा हिशेब कूलरवर चालतो. तिच्यासाठी घेतलेल्या ऐकू येण्याच्या मशीनची ही गोष्ट.

आमच्याकडे होळी झाली की कूलर खिडकीत बसतो, तो मृगापर्यंत हलत नाही. आमचा लोखंडी, गवताच्या ताट्यांचा. पंख्याची घरघर आणि ताट्यांवरून ठिबकणारं पाणी चालू असलं की माझ्या कानातलं 'ईऽऽ' त्यात विरघळून जातं. २०२३ च्या मार्चमध्ये मी रिटायर झालो, आणि त्याच जूनमध्ये कूलर बंद केल्यावर पहिल्यांदा वाटलं, बाहेर रातकिडे फार झालेत. खिडकी लावली. रातकिडे तेवढेच. बायकोला उठवून विचारलं, तर ती म्हणे, "कोठे शेतस रातकिडा? झोपा आते."

मी धरणगावचा. ३१ वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, फिटर. दोन रांगांत चोवीस डबल रोलर जिन, दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत दिवसरात्र. बेअरिंग गेलं की नाही हे ओळखायची आमची पद्धत म्हणजे पेचकसाचं टोक बेअरिंगला टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला लावायची. खरखर आली की बेअरिंग बदला. त्या कानाने मालकाचे किती रोलर वाचवले, मोजदाद नाही. कानात घालायला काय, तर रुईचा बोळा. समोर रुईचा डोंगर, मग फोमचे प्लग कोण आणणार? त्या बोळ्याने आवाज फारसा अडत नाही, हे मला साठीला आल्यावर कळलं. आवाजाने येणारा बहिरेपणा तेव्हाच्या फॅक्टरी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होता, म्हणजे सरकारला कळवायचा आजार. आमच्याकडे ३१ वर्षांत कान तपासायला कोणी आलं नाही. असो. परीक्षण जिनिंगचं नाही, जळगावच्या कानाच्या सेंटरचं आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि आतल्या मॅडम भल्या आहेत.

तिथं पोचेपर्यंत जे गेलं ते थोडक्यात. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मळ काढला, पडदा पाहिला, चांगला आहे म्हणाले. आवाज दोन्ही कानांत आहे ना, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत नाही ना, ऐकू येणं एकाएकी गेलं नाही ना, हे तीनदा विचारलं. हे बरं केलं. आवाज एकाच कानात असेल, ठोक्याबरोबर येत असेल किंवा एक-दोन दिवसांत कान बसला असेल, तर तेल-बिल न घालता लगेच डॉक्टर गाठायचा असतो. माझं तसं काही नव्हतं. मग गोळ्या. एक चक्कर येणाऱ्यांना देतात ती. मला आयुष्यात चक्कर आलेली नाही, तरी दोन महिने खाल्ली. दुसरी गिंको नावाच्या झाडाच्या अर्काची, तीन महिने. पेपरातली जाहिरात पाहून तेल मागवलं, २४०० रुपये, '२१ दिवसांत गुण'. एकविसाव्या दिवशी उशीचे अभ्रे तेवढे तेलकट झाले होते.

मग जळगावातलंच एक चकचकीत दुकान. टाय लावलेल्या पोराने एसीच्या घरघरीत, उघड्या खोलीत, दहा मिनिटांत कान 'फुकट' तपासला आणि मशीनचे एक लाख दहा हजार सांगितले. वर 'टॅक्स वेगळा'. मुलगा घरी आल्यावर म्हणाला, आप्पा, कानाच्या मशीनवर जीएसटीच नसतो. उठलो ते बरं झालं. त्या पोराला मी विचारलं नाही ते तुम्ही विचारा: आर.सी.आय.चा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी नंबर दाखवा. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकू येणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, तो असतो, नुसत्या विक्रेत्याकडे नसतो.

आता हे सेंटर. रिंग रोडच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद. दारावर मोठा फलक: 'कानातील आवाज कायमचा बंद!' तो वाचून मी परत फिरणार होतो. तेल त्याच भाषेत विकलं होतं. पण एस.टी.ने पाळधीमार्गे उन्हात आलो होतो, वर बसायला खुर्ची दिसली, म्हणून चढलो.

तपासणीचे ६०० रुपये. एक लाकडी खोली, जुन्या एसटीडी बूथएवढी, दार मात्र शीतगृहाच्या दारासारखं जाड. दार लागलं आणि मी घाबरलो. इतकी शांतता मी कधी ऐकलीच नव्हती. त्या शांततेत कानातलं 'ईऽऽ' चोवीस जिन एकदम सुरू व्हावेत तसं उसळलं. हातात बटण, आवाज ऐकू आला की दाबायचं. मी दाबतच सुटलो. मॅडमनी दार उघडलं. "काका, मी अजून काहीच लावलं नाहीये."

मग त्यांनी तुटक-तुटक, टुक-टुक असा आवाज लावला. माझा सलग, मशीनचा तुटक, म्हणजे घोटाळा नाही. हे कोणी आधी केलं नव्हतं. कागदावर रेघ निघाली: डावीकडे जाड सुरांना बरी, पुढे बारीक सुरांकडे ४००० हर्ट्झला खड्ड्यात गेलेली, ८००० ला जरा वर आलेली. "आवाजात काम केलेल्यांची रेघ अशीच असते," म्हणाल्या. मी जिनिंगचं अजून सांगितलंही नव्हतं. स, श, फ ही अक्षरं त्या बारीक सुरांच्या बाजूला असतात म्हणे. तेव्हा उलगडा झाला, बायको शेवभाजीसाठी "शेव आणा" म्हणाली आणि मी "ठेव" ऐकून पिशवी तिच्या हातात दिली होती ती का.

त्यानंतरचा प्रकार मला सगळ्यात आवडला. एकेक सूर लावून विचारायच्या, तुमचा आवाज हा, की हा? सुताराने पट्टी जुळवावी तसं करत ६००० हर्ट्झवर आलो. मग किती मोठा, ते. मी म्हटलं, खूप मोठा, रात्री झोपू देत नाही. जुळवल्यावर निघाला, मला जेमतेम ऐकू येतं त्याच्यापेक्षा ७ डेसिबल जास्त. सात! मला राग आला. दोन वर्षं ज्याने झोप घालवली, तो एवढासा? त्या म्हणाल्या, बहुतेकांचा एवढाच भरतो, त्रास आवाजाच्या मापाने मोजत नाहीत. त्रासासाठी २५ प्रश्नांचा वेगळा कागद, १०० पैकी गुण. माझे ६२.

समजावून सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो. आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी झिजल्या, त्या परत उगवत नाहीत. तिकडून माल यायचा कमी झाला, म्हणून मेंदूने स्वतःचा व्हॉल्यूम चढवून ठेवला, आणि त्याचीच ही शिट्टी. बाहेरून माल नीट पोचवला तर मेंदू जरा सैल सोडतो. मी सरळ विचारलं, बंद होईल का? म्हणाल्या, "नाही सांगता येत. बंद करणारं औषध आज तरी नाही. आवाज असेल, पण तुम्ही त्याच्याकडे बघणं कमी कराल, एवढं मी सांगू शकते, आणि त्याला वर्ष लागेल." अमेरिकेतल्या कान-नाक-घसा डॉक्टरांच्या संघटनेने २०१४ साली जी मार्गदर्शक पुस्तिका काढली, तिच्यात गिंको, झिंक वगैरे देऊ नका असं लिहिलंय, हेही त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, आणि बाहेरचा फलक? त्या खाली बघून हसल्या. मालक वेगळे आहेत.

त्या हसण्यावर मी मशीन घेतलं. आधी ५००० अनामत ठेवून सात दिवस घरी, मग जोडीचे ३८ हजार. कानामागे बसणारं, बारीक तारेने कानात गेलेलं. ऑक्टोबरात पहिल्या दिवशी बाहेर पडलो तर स्वतःच्या चपलेचा आवाज आला. रिक्षातून उतरताना सुट्टे पैसे खुळखुळले, दचकलो. घरी बायको कुकरच्या शिट्ट्या मोजत होती, त्या मला ओट्याशी न जाता मोजता आल्या. एरवी "कुकरन्या सात शिट्ट्या व्हयन्यात, तुम्हले ऐकू येस नही का?" हे आमच्या घरातलं रोजचं वाक्य होतं.

मशीनमध्ये एक फसफस असते, दूरवर पाणी पडल्यासारखी. ती मॅडमनी माझ्या 'ईऽऽ'पेक्षा जरा खाली ठेवली. मला ती चढवून शिट्टी पार बुडवायची होती, कूलरसारखी. त्या नाही म्हणाल्या. बुडवली तर मेंदूला तिची सवय कशी होणार? हे पटायला मला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत मी त्यांना बारा वेळा तरी फोन केला असेल. उचलायच्या.

शेवटी त्यांनी चिठ्ठीवर 'सीबीटी' लिहिलं. मी ती चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेलो. पोराने सगळे खण पाहिले, म्हणाला काका, स्टॉक नाही, उद्या मागवतो. ते औषध नव्हतंच. समुपदेशकाशी बोलायचं असतं. मुलाने नाशिकच्या एका बाईंशी फोनवर जुळवून दिलं, सहा वेळा, दर वेळी ७०० रुपये. मला वाटलं होतं डोक्याचा डॉक्टर लावला, गावात काय म्हणतील. त्यांनी एवढंच करवून घेतलं की रात्री आवाज आला की मनात कोणतं वाक्य येतं, ते वहीत लिहा. माझं वाक्य एकच निघायचं, 'आता हे मरेपर्यंत'. त्या वाक्यावर सहा बैठका गेल्या. आवाज तेवढाच आहे. वाक्य मात्र आता रोज येत नाही.

आता तक्रारी. मशीन खानदेशासाठी बनवलेलं नाही. एप्रिलमध्ये घाम कानामागून थेट सेलच्या खणात. ३१२ नंबरचा सेल, तपकिरी चिकटपट्टीवाला, हिवाळ्यात सात दिवस चालला तर उन्हाळ्यात पाच. आणि रुमाल! इथं उन्हात डोक्याला-कानाला रुमाल न बांधता कोण निघतं? रुमाल बांधला की मशीन कुईं करून शिट्टी मारतं. बाजारात लोक वळून बघतात. एवढ्या बारीक तपासणीत हे कोणी सांगितलं नाही. आता सैल बांधतो, नाहीतर मशीन खिशात. रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, ती डबी मी मागितली तेव्हा मिळाली.

मे महिन्यात डावं मशीन घामाने बंद पडलं. मुंबईला पाठवलं, १९ दिवस. बदली मशीन मागितलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, तशी सोय नाही. नशीब कूलर चालू होता. सेलची सहाची पट्टी त्यांच्याकडे ३०० ला, बाहेर २०० ला मिळते. वेळ अकराची देतात आणि साडेबाराला आत घेतात. गावाहून आलेल्या माणसाची दुपारची गाडी जाते त्यात.

आणि तो फलक. मी तीनदा सांगितलं, काढा. तिसऱ्यांदा मालक स्वतः समोर होते. म्हणाले, "काका, फलकामुळेच तर तुम्ही आलात." मी म्हटलं, फलकामुळे जाणार होतो, खुर्चीमुळे आलो. फलक अजून आहे.

मॅडमना पाचपैकी पाच. मशीनला तीन, त्यातला एक गुण फसफसीचा. काउंटरला दीड. कोणी धरणगाव-अमळनेरकडून जाणार असेल तर घरचं माणूस सोबत न्या. मॅडम बायकोलाही बसवून घेतात आणि तिला सांगतात की मागून बोलू नका, समोर येऊन बोला. याचा मला मशीनइतकाच उपयोग झाला. जिनिंगमध्ये अजून काम करणाऱ्या पोरांनी निदान एकदा रेघ काढून घ्यावी, ६०० रुपये आहेत. आणि बोळा फेका, प्लग घ्या.

गेल्या खेपेला तोच २५ प्रश्नांचा कागद पुन्हा भरला. ३४ गुण. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. 'आवाजामुळे झोप लागत नाही का' याला आधी 'हो' होतं, आता 'कधी कधी'.

ते 'कधी कधी' परवा आलं. पाऊस होता तोवर मी छान झोपलो, पत्र्यावर तडतड चालली होती. तीनला जाग आली, पाऊस थांबलेला, कूलर बंद, मशीन डबीत. ईऽऽ. थोडा वेळ ऐकत पडलो. वही उशाशी होती, उघडली नाही. उठून टेबलफॅन एकवर लावला, भिंतीकडे तोंड करून. पाचला बायकोने गोधडी ओढून घेतली आणि झोपेतच म्हणाली, "पावसाळामा पंखा कोन लावस?"