जावाची बफर्डइमेज: एका पूर्णांकात मावणारा रंग

छायाचित्रांवर देवनागरी मथळे बसवणारे एक छोटे साधन मी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिले असून त्यातील सगळे चित्रकाम जावासोबतच मिळणाऱ्या बफर्डइमेज या क्लासवर (चित्र साठवणाऱ्या तयार कोड-घटकावर) चालते. १९९८ साली जावा १.२ बरोबर आलेला हा क्लास अजूनही भरवशाचा आहे. मात्र त्याच्या काही सवयी समजून घेतल्याशिवाय तो हाताळू नये, असे माझे मत आहे.

त्यातील इंट एआरजीबी या प्रकारात प्रत्येक पिक्सेल ३२ बिटांच्या एका पूर्णांकात साठवला जातो: सर्वांत वरच्या ८ बिटांत अल्फा, म्हणजे अपारदर्शकतेचे प्रमाण, आणि त्याखाली क्रमाने तांबडा, हिरवा व निळा. चारही घटक ० ते २५५ या मर्यादेत राहतात. १९२० बाय १०८० आकाराच्या चित्राला यामुळे ८२,९४,४०० बाइट लागतात. ही मांडणी आटोपशीर आहे आणि यंत्र बदलले तरी बदलत नाही, कारण ती बाइटांच्या क्रमावर नव्हे, तर संख्येतील बिटांच्या स्थानावर ठरलेली आहे.

अडचण येते ती जावाचा पूर्णांक चिन्हयुक्त (धन किंवा ऋण असू शकणारा, वरचा बिट १ असला की ऋण) असल्यामुळे. पूर्ण अपारदर्शक पांढरा रंग छापून पाहिला तर -१ दिसतो, आणि २५५, १५३, ५१ हा केशरी -२६,३१७ असा दिसतो. अल्फा वेगळा काढताना >> २४ (बिट २४ स्थाने उजवीकडे सरकवणे) असे लिहिले, तर अल्फा १२७ पर्यंत उत्तर बरोबर येते आणि १२८ पासून ते ऋण होते. म्हणजे फिकट सावल्यांवर चाचणी घेणाऱ्याला ही चूक दिसतच नाही. >>> हे, रिकाम्या जागी शून्ये भरणारे, चिन्ह वापरावे, किंवा सरकवल्यानंतर २५५ शी बिटनिहाय 'अँड' करावे.

रंगाच्या कलर क्लासबद्दल माझी तक्रार अधिक गंभीर आहे. त्याला असा पूर्णांक एकटाच दिला, तर तो अल्फा टाकून देतो आणि रंग पूर्ण अपारदर्शक धरतो. अल्फा राखायचा असेल, तर दुसरा घटक म्हणून 'ट्रू' द्यावा लागतो. हे दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे हे खरे, पण माहिती गाळणारे वर्तन मूळ पर्याय म्हणून ठेवणे मला पटत नाही.

सर्वांत विचारपूर्वक निवड करावी लागते ती साध्या आणि पूर्वगुणित अल्फामध्ये. पूर्वगुणित प्रकारात रंगाचे आकडे अल्फाने आधीच गुणून ठेवतात, त्यामुळे वरील केशरी अर्ध्या पारदर्शकतेला, म्हणजे अल्फा १२८ असताना, १२८, ७७, २६ असा साठतो. एकावर एक थर चढवण्याचे गणित यामुळे सोपे होते. पोर्टर आणि डफ या संगणक-चित्रणातील संशोधकांनी १९८४ मध्ये मांडलेले थरांचे नियम, जे जावाच्या अल्फाकंपोझिट या क्लासमध्ये आहेत, ते याच रूपात सुटसुटीत लिहिता येतात. पण अल्फा ३ असताना प्रत्येक रंगाला ० ते ३ एवढ्या चारच पायऱ्या उरतात, आणि गमावलेल्या छटा भागाकाराने परत मिळत नाहीत.

पिक्सेलचा रंग वाचून देणारी गेटआरजीबी ही मेथड (क्लासमधील कृती) आतला प्रकार कोणताही असो, उत्तर साध्या अल्फाच्या रूपातच देते, आणि या शिस्तीसाठी रचनाकारांचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. वेगासाठी आत पिक्सेलचे पूर्णांक ओळीने साठवणाऱ्या अ‍ॅरेला थेट हात घातला की हे संरक्षण संपते. संख्या स्वतः कोणत्या प्रकारची आहे हे सांगत नाही. पूर्वगुणित आकडे साधे समजून काढले, तर पांढऱ्या अक्षरांच्या वळणांवर मळकट काळसर कडा उमटते, आणि 'क' किंवा 'ळ' यांसारख्या गोलाईच्या अक्षरांत ती लगेच डोळ्यांना खुपते.

मथळे बसवण्याच्या कामाला मी साधा एआरजीबी प्रकारच सुचवीन. शेवटी जेपीईजी हवी असेल, तर चित्र आधी पार्श्वभूमी भरलेल्या, अल्फा नसलेल्या आरजीबी प्रकारावर उतरवावे आणि चित्रे वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या इमेजआयओ क्लासच्या राइट मेथडने परत दिलेले उत्तर तपासावे, कारण त्या स्वरूपात फाइल लिहिणारा योग्य घटक न सापडल्यास ती अपवाद (त्रुटीची सूचना) न फेकता केवळ 'फॉल्स' सांगते.