काथ्याची जाळी (७०० जीएसएम) तळ्याच्या काठाला लावली, ५ पैकी ४ स्टार

मुळशीत आमचं छोटं कृषी पर्यटन आहे, पॅडल बोटींचं तळं हाच मेन आयटम, आणि दर पावसाळ्यानंतर काठ ढासळलेला नि जेटीपाशी पाणी जेमतेम गुडघाभर. जेसीबी लावून गाळ काढायचो, आसपासचे शेतकरी ट्रॉल्या भरून न्यायचे (सरकारची गाळमुक्त धरण योजना २०१७ पासून ह्याच हिशोबावर चाललीये), पण पुढच्या वर्षी परत ये रे माझ्या मागल्या.

म्हणून ही नारळाच्या काथ्याची विणलेली जाळी घेतली, दुकानात कॉयर जिओटेक्सटाइल म्हणून मागा. ४००, ७००, ९०० जीएसएममध्ये येते, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन. ४०० स्वस्त आहे पण भोकं मोठी, आमच्या उभ्या मुरमाड उतारावर एका कोपऱ्यात लावून बघितली तर जोराच्या सरीत माती आरपार. ७०० मात्र झकास बसली. थेंब थेट मातीवर आपटत नाही, वरून येणारं पाणी दोऱ्या-दोऱ्याला अडखळत उतरतं त्यामुळे ओघळ पडत नाहीत, आणि काथ्या ओल धरून ठेवतो म्हणून गवत पटकन जीव धरतं. खरं काम शेवटी गवताचंच, जाळी काही वर्षांत कुजणारच आहे. आम्ही वाळा लावला, त्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, बाजूला पसारा नाही.

एक स्टार कापला तो पाण्याच्या रेषेसाठी. बोटींच्या लाटा सतत लागतात तिथे जाळी सैल पडली आणि खालची माती हळूहळू निघून गेली, विकणारा तर "कुठंपण लावा साहेब" म्हणत होता. तेवढ्या पट्ट्यात दगडी पिचिंगच (उतारावर दगड बसवून केलेलं अस्तर) करा. म्हशी उतरत असतील तर कुंपण आधी, खूर अडकला की अख्खी पट्टी ओढून नेतात. आणि वरच्या डोंगरातून ओढ्याने येणारा गाळ ह्याने थांबत नाही हो, त्याला तळ्याच्या तोंडाशी वेगळा खड्डा हवाच, तो उन्हाळ्यात उपसायला सोपा.

लावताना वरचं टोक फूटभर खोल चरात घालून माती ठोकून घ्या, नाहीतर पाणी खालून शिरतं आणि जाळी वरून छान दिसते, आतून पोकळ. जोडावर वीतभर एकावर एक. खुंट्या सोबत येत नाहीत, गावातच बांबूच्या करून घ्या, लोखंडी नको, काठाला पोरं अनवाणी पळतात.