विज्ञान शिक्षकांची कार्यशाळा: आठ महिने वर्गात वापरून पाहिल्यावर

मे महिन्याच्या सुट्टीत गोव्यात फोंड्याला विज्ञान शिक्षकांसाठी पाच दिवसांची कार्यशाळा झाली. तिला मी गेले होते. शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म आला तेव्हा सगळ्यांबरोबर मीही ‘उत्तम’वर खूण केली. पण त्या दिवशी मला ठाऊक होतं ते एवढंच, की शिकवणारे मनापासून शिकवत होते आणि पाच दिवस कंटाळा आला नाही. खरा अभिप्राय वर्गात जाऊन आल्यावरच देता येतो. आता जानेवारी संपत आला, म्हणून लिहिते आहे.

मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये नववी-दहावीला विज्ञान शिकवते, चौदा वर्षं झाली. 2020 च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास प्रशिक्षण घ्यावं असं म्हटलंय, त्यामुळे अलीकडे प्रशिक्षणं बरीच होतात. बहुतेक ठिकाणी पडद्यावर स्लाइड सरकत राहतात आणि आपण वहीत उतरवून घेतो. इथे पहिल्याच तासाला आम्हाला एक सेल, टॉर्चचा एक बल्ब आणि तारेचा एकच तुकडा दिला. बल्ब पेटवा, एवढंच सांगितलं.

दोन तारा असत्या तर प्रश्नच नव्हता. एका तारेत आमच्यातल्या बऱ्याच जणांचा बल्ब कितीतरी वेळ पेटला नाही, माझाही नाही. मी तारेचं एक टोक सेलला आणि दुसरं बल्बच्या बुडाच्या टोकाला लावून बसले होते. बल्बचं बूड थेट सेलवर टेकवायचं आणि तार त्याच्या धातूच्या कडेला लावायची, हे शेजारच्या बाईंनी केलं तेव्हा मला दिसलं. दहावीला वर्षानुवर्षं सर्किटच्या आकृत्या काढून घेते, पण बल्बला दोन जागी जोडणी लागते आणि त्यातली एक जागा त्याची कड आहे, हे माझ्या आकृतीत कधी आलंच नव्हतं. आकृतीतल्या वर्तुळाला सगळीकडून सारखीच तार लागते. मुलांना काय कळत नाही, हे मला त्या दिवशी स्वतःच्या हातांनी कळलं.

बाकी पाच दिवसांत प्रयोग पुष्कळ झाले. आठ महिन्यांनंतर त्यातले निम्मेही माझ्या वापरात नाहीत. टिकली ती एक सवय: प्रयोग दाखवण्याआधी प्रत्येक मुलाने काय होईल आणि का, ते वहीत पेनने लिहायचं. मग प्रयोग, मग पुन्हा लिहायचं. आधीचं खोडायचं नाही. ऐकायला एवढंसं वाटतं. पण त्या वह्या वाचायला लागल्यापासून माझं शिकवणं बदललं, म्हणून त्यातलाच एक धडा सविस्तर सांगते.

दहावीचा विजेचा धडा. एका सेलला दोन सारखे बल्ब एकसर, म्हणजे एकापुढे एक जोडायचे. कुठला जास्त पेटेल? माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी लिहिलं, पहिला. एकाने वर सांगितलंही, “टीचर, पयलो बल्ब चड पेटतलो, दुसऱ्याक उरिल्लें मेळटलें.” (पहिला बल्ब जास्त पेटेल, दुसऱ्याला उरलेलं मिळेल.) दोन्ही बल्ब सारखेच पेटले. करंट मोजणारा अ‍ॅमीटर तीन ठिकाणी लावून दाखवला, काटा तिन्ही ठिकाणी एकाच रेघेवर. मुलं गप्प बसली, मला वाटलं समजलं. आठवड्याने तोच प्रश्न वेगळ्या आकृतीत दिला, तर निम्म्या वह्यांत पुन्हा पहिला बल्बच जास्त पेटत होता. एका मुलीने तर मीटर बिघडलेला असावा असं लिहिलं होतं. तिने निदान प्रामाणिकपणे लिहिलं. पूर्वी याच मुलीने मला हवं ते उत्तर पाठ करून दिलं असतं आणि मी पुढच्या धड्याकडे वळले असते.

का होत असेल, हा विचार करताना दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली, ‘करंट’ हा शब्द. आमच्याकडे वीज गेली की ‘करंट गेला’, शॉक बसला की ‘करंट लागला’, बिल आलं की करंटचं बिल. मुलांच्या लेखी करंट म्हणजे जे वापरून संपतं, ज्याचे पैसे भरावे लागतात, ते सगळं. त्यांना मी “करंट दोन्हीकडे सारखाच असतो” असं सांगत होते. त्यांच्या अर्थाने ते वाक्य खोटंच होतं! दुसरी गोष्ट कुळागराची. वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी पोफळीची बाग आहे. पाटाचं पाणी पहिल्या आळ्यात भरपूर जातं, शेवटच्या आळ्यापर्यंत पोचता पोचता कमी होतं, हे ती लहानपणापासून बघतात. आणि मी स्वतः इतकी वर्षं वीज समजावताना पाण्याच्या पाटाचंच उदाहरण देत होते. चूक मुलांच्या डोक्यात मी पक्की करत होते, हे कबूल करायला मला वाईट वाटतं, पण ते खरं आहे.

कार्यशाळेनंतर आम्हा शिक्षकांच्या दर महिन्याला बैठका होतात, त्यातल्या एकीत हे सगळं मी मांडलं. तिथे एका सरांनी दोरीचा खेळ सुचवला. कपडे वाळत घालायची लांब दोरी घ्यायची, टोकं बांधून तिचं कडं करायचं. सगळी मुलं गोलात उभी राहून ती हलक्या मुठीतून सोडतात. एक मुलगा सेल, तो दोरी सारखी ओढत राहतो. दोरी सगळ्यांच्या हातात एकाच वेळी सरकू लागते. मग एकाने मूठ घट्ट आवळायची: दोरी फक्त त्याच्यापुढे नाही, सगळीकडे मंदावते. आणि आवळणाऱ्याचा तळवा तापतो. दोरी कुठेच संपत नाही, तळवा मात्र तापतो. ओढणारा दमतो, त्याचं बळ त्या तळव्यात खर्ची पडतं. हे वर्गाबाहेरच्या पडवीत केलं तेव्हा मीटर बिघडला म्हणणारी मुलगीच म्हणाली, “म्हणजे संपतं ते सेलातलं, दोरी नाही.” त्यानंतरच्या वह्या पुष्कळ बऱ्या होत्या. सगळ्या नव्हेत.

म्हणून माझं ठाम मत झालंय की कार्यशाळेचा खरा लाभ त्या पाच दिवसांपेक्षा नंतरच्या मासिक बैठकांत आहे. महिन्यातल्या एका शनिवारी जमायचं आणि येताना मुलांच्या वह्या घेऊन यायच्या, एवढाच नियम. ही कल्पना नवी नाही. मध्य प्रदेशात 1972 मध्ये सुरू होऊन 2002 पर्यंत चाललेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात शिक्षकांच्या मासिक गोष्ठी हा कामाचा कणाच होता. आमच्याकडे मात्र जूनमध्ये खोली भरलेली असायची आणि नोव्हेंबरपर्यंत सात-आठ जण उरलो. शनिवारी शाळेत काही ना काही असतंच, आणि बैठकीला ऑन ड्युटी मिळेल की नाही हे प्रत्येक हेडमास्तरांवर अवलंबून. या बैठका आयोजकांनी ऐच्छिक ठेवल्या, ही मला त्यांची सर्वांत मोठी चूक वाटते. पाच दिवसांना प्रमाणपत्र आणि बैठकांना काहीच नाही, असं व्हायला नको होतं.

दुसरी वापरात राहिलेली गोष्ट म्हणजे भिरंड, म्हणजे कोकम. दहावीच्या पुस्तकात नैसर्गिक दर्शक (आम्ल की आम्लारी हे रंग बदलून दाखवणारे पदार्थ) म्हणून लाल कोबी, हळद आणि हायड्रेंजिया, पेट्युनिया, जिरेनियम यांच्या पाकळ्या दिल्या आहेत. यातली हळद सोडली तर माझ्या मुलांच्या घरात काय आहे? सोलं, म्हणजे भिरंडाच्या वाळवलेल्या साली, मात्र प्रत्येक स्वयंपाकघरात असतात. भिरंडाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, लाल कोबीतल्यासारखाच. सोलाच्या पाण्यात खायचा सोडा घातला की आधी फेस येतो, मग रंग जांभळट होतो. चुन्याची निवळी घातली तर काळपट हिरवा. एक गोष्ट कार्यशाळेत कुणी सांगितली नव्हती, ती वर्गात कळली. सोलं मुळातच आंबट, त्यामुळे दाट आगळ (भिरंडाचा रस) घेतली तर रंग बदलायला सोडा फार लागतो आणि मुलांना वाटतं फेस आणि रंग एकच भानगड आहे. एक सोल मोठ्या पेलाभर पाण्यात भिजवून त्याचं फिकट पाणी घ्यावं. लिंबू किंवा चिंच यात ओळखता येत नाही, रंग लालच राहतो. का राहतो, हा प्रश्न मुलांना विचारण्यासारखा आहे. मी विचारला, आणि त्या तासाला पोर्शन पुढे गेला नाही.

ऑक्टोबरची बैठक चोडण बेटावरच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीत झाली. बांधातल्या मानशीचं, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या वाटेचं लाकडी दार भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतं आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतं, हे काठावर बसून पाहिलं. द्रवाच्या दाबाचा धडा मी यापुढे तिथूनच सुरू करणार. मुलांना तिथे नेणं अजून जमलेलं नाही, बसचा खर्च हेच कारण.

आता न जमलेलं. स्थितिक विजेचं सत्र जुलैच्या बैठकीत ठेवलं होतं. बाहेर धो धो पाऊस, आणि स्ट्रॉ कितीही घासला तरी कागदाचा कपटा हलेना. दमट हवेत वस्तूवर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि विद्युतभार त्यातून निसटतो, हे गोव्यात शिकवणाऱ्या कुणालाही माहीत आहे. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी वेळापत्रक ठरवताना आमच्यापैकी कुणाला विचारलं नाही. मी तो भाग जानेवारीतल्या कोरड्या सकाळी केला, व्यवस्थित झाला.

साहित्याची पेटी शाळेला एकच मिळाली. त्यात दोन फोल्डस्कोप होते, स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या चमूने 2014 मध्ये मांडलेला तो घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक. सुमारे 140 पट मोठं दाखवतो, कांद्याचं साल सुंदर दिसतं. पण चाळीस मुलांत दोन, आणि डोळा नेमका कुठे धरायचा हे कळायलाच प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं, मग बघणं वेगळं. पस्तीस मिनिटांच्या तासात दहाबारा मुलांचंच बघून होतं. तरी शाळेच्या जुन्या सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांवर दर पावसाळ्यात बुरशी येते, तेव्हा हे दोन कामाला आले.

आणखी एक. कार्यशाळा पूर्ण इंग्रजीत, वर्कशीट इंग्रजीत. आमची पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकून पाचवीत एकदम इंग्रजीत येतात. पहिले दोन महिने मुलं अंदाजाच्या जागी कोरं सोडायची. ऑगस्टपासून मी सांगितलं, अंदाज कोंकणीत लिहा, मराठीत लिहा, हवा तसा लिहा. वह्या भरू लागल्या. ‘उरिल्लें मेळटलें’ हे इंग्रजीत त्या मुलाने कधीच लिहिलं नसतं, आणि मला त्याची अडचण कधीच कळली नसती. पुढच्या कार्यशाळेत यासाठी वेगळं सत्र हवं, असं मी आयोजकांना लिहून कळवलंय.

सहकारी विचारतात, गुण वाढले का? पहिल्या सत्राच्या परीक्षेत तरी फरक दिसला नाही. ‘कारण द्या’च्या प्रश्नांत कोरी पानं कमी झाली, एवढं नक्की. वेळ मात्र जास्त जातो. विजेच्या धड्याला मला नेहमीपेक्षा पाच तास जास्त लागले आणि ते मी उजळणीच्या तासांतून काढले.

तुम्ही जाणार असाल तर एकाच शाळेतून दोघांनी जा. एकट्याने परत आल्यावर स्टाफरूममध्ये बोलायला कुणी नसतं आणि दोन महिन्यांत गाडी जुन्या रुळावर येते. माझ्याबरोबर आमच्या गणिताच्या बाई आल्या होत्या, दोरीचं कडं करताना दुसरं टोक त्यांनीच धरलं. आणि जाताना मुलांच्या गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांतल्या चारपाच चुकीच्या उत्तरांच्या झेरॉक्स सोबत न्या. मी नेल्या नव्हत्या. पुढच्या मेसाठी आतापासून बाजूला काढून ठेवतेय.